तोंडी सूचना

गेलनच्या शर्टाला उजव्या बाजूला, पट्ट्याच्या वर साधारण चार बोटांवर, एक घडी पडते. शर्ट चौकटीचा असेल तर ती लगेच दिसते, कारण चौकटीची रेघ तिथे आत वळते आणि दोन सेंटिमीटर पुढे जाऊन पुन्हा बाहेर येते. वरच्या फळीवरचा साखरेचा डबा काढायला तो हात उंच करतो तेव्हा डाव्या बाजूचं कापड हाताबरोबर वर जातं. उजव्या बाजूचं किंचित उशिरा, अडखळून जातं. आत पिस्तूल असतं. अकरा वर्षं आम्ही एकाच मजल्यावर काम करत होतो, पण ही घडी मला यंदाच्या जानेवारीपर्यंत कधी दिसली नव्हती.

आमचं कॉलेज लहान आहे. दोन वर्षांचे अभ्यासक्रम, मग मुलं मोठ्या विद्यापीठात जातात किंवा बापाच्या गुरांकडे परत जातात. मी गवत शिकवते. वेळापत्रकावर वनस्पतिशास्त्र असं लिहिलेलं असतं, पण मध्य टेक्ससमध्ये गवत सोडलं तर उरतं काय, असं मी पहिल्या तासाला विचारते, आणि दरवर्षी कुणीतरी उत्तर देतं, "गाई." दुसऱ्या मजल्यावर माझी खोली आहे, दोनशे चौदा. एक खिडकी, एक टेबल, दोन खुर्च्या आणि भिंतभर लोखंडी कपाटं. त्यांत दाबून वाळवलेल्या गवतांचे सहा हजार नमुने.

माझं नाव अल्बिना वोंद्रा. वय एकसष्ट. लग्न केलं नाही. आई होती तोवर घरी बोलणं असे, तेही चेक भाषेत आणि बहुतेक जेवणाबद्दल. ती गेल्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून शुक्रवारी चारला खोलीला कुलूप लावलं की सोमवारी नऊपर्यंत मला आवाज वापरायची वेळ येत नसे. सोमवारचं पहिलं वाक्य घशात खरखरायचं. ते वर्गासमोर होऊ नये म्हणून मी जिन्यातच खाकरून घ्यायचे.

पिस्तुलांचा नियम आमच्याकडे लागू झाला त्याला आठ वर्षं होतील. परवाना असलेल्याने पिस्तूल कपड्याखाली झाकून वर्गात, वाचनालयात, खाणावळीत न्यायला हरकत नाही, असं ठरलं. शिकवणाऱ्यांना कॉलेजने एक सवलत दिली. ज्याला स्वतःची एकट्याची खोली आहे त्याने आपल्या खोलीत पिस्तूल आणू नका असं सांगावं. पण सांगायचं तोंडी. दारावर पाटी लावायची नाही, लावली तरी तिला अर्थ नाही. येईल त्या प्रत्येक माणसाला, त्याच्यासमोर उभं राहून, आपल्या तोंडाने सांगायचं.

त्या उन्हाळ्यात मी ते वाक्य आईसमोर म्हणून पाहिलं. आई तेव्हा चालत फिरत होती. ती म्हणाली, "म्हणजे दारात आलेल्या माणसाला आधी विचारायचं, कमरेला काय आहे? आणि मग कोलाचे खा म्हणायचं?"

कोलाचे म्हणजे आमच्या घरचे, मध्ये फळं भरलेले गोड चेक पाव. मी हसले आणि विषय सोडला. पुढे मी अभ्यास वाचले, पिस्तुलांची परवानगी असलेल्या कॉलेजांचे आणि नसलेल्यांचे. नमुने लहान होते, निष्कर्ष एकमेकांशी जुळत नव्हते. पुरावा अपुरा आहे, असं मी स्वतःला सांगितलं. माझ्या विषयात अपुऱ्या पुराव्यावर निर्णय घेणं हा दोष मानतात. त्यामुळे आठ वर्षं निर्णय न घेतल्याबद्दल मला अपराधी वाटायचं नाही. उलट आपण काटेकोर आहोत असंच वाटायचं.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, संध्याकाळी पावणेसहाला, गाड्या लावायच्या जागेत एक माणूस माझ्या आणि माझ्या गाडीच्या मध्ये येऊन उभा राहिला.

"बॅग द्या, मॅम," तो म्हणाला. हातात पिस्तूल होतं.

मी बॅग दिली. आणि सवयीने म्हणाले, "थँक यू."

तो दोन पावलं जाऊन थबकला, वळून माझ्याकडे पाहिलं, आणि मग पळाला.

कॉलेजच्या पोलिसाला मी सांगितलं की त्याच्या उजव्या अंगठ्याचं नख उभं चिरलेलं होतं. चीर मुळापर्यंत गेली नव्हती, दोन तृतीयांशावर थांबली होती.

"चेहरा?"

"चेहऱ्याकडे लक्ष गेलं नाही."

"उंची? कपडे?"

"नखाबद्दल मात्र मी खात्रीने सांगते."

"मॅम, आता काउंटीतले सगळे अंगठे कुठे तपासत बसू?" असं म्हणून त्याने वही मिटली. त्याचं बरोबरच होतं. तो माणूस सापडला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला गेलन टिसडेल माझ्या दारात आला. तो रसायनांचं भांडार सांभाळतो, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा आहे, आणि तोवर आमचं बोलणं हवा आणि तुंबलेलं बेसिन यांपलीकडे गेलं नव्हतं. त्याच्या दोन्ही हातांत कॉफीचे पेले होते.

"चोराचे आभार मानलेस म्हणे."

"तोंडातून गेलं."

"बरं झालं, 'पुन्हा या' नाही म्हणालीस." त्याने एक पेला माझ्यासमोर ठेवला आणि दुसऱ्या खुर्चीवरचे कागद उचलून जमिनीवर ठेवले. "आजपासून गाडीपर्यंत मी येणार. नको म्हणायचं नाही, डॉक्टरीणबाई. माझे गुडघे तसेही चालायला कारण शोधतायत."

नको म्हणायचं माझ्या मनातही नव्हतं. जानेवारीनंतर त्या जागेतून एकटीने चालताना माझे पाय मला हुकूम दिल्यासारखे उचलावे लागत. गेलन बरोबर असला की ते आपोआप चालत.

मग तो रोज तीनला येऊ लागला. तो बोलायचा, मी ऐकायचे, आणि काही दिवसांनी मीही बोलू लागले. त्याची मुलगी लबक शहरात असते आणि फोन करत नाही. त्याच्या अंगणात रानडुकरं येतात आणि नेमकी पाहुण्यांसमोर येत नाहीत. त्याची बायको गेली तेव्हा फ्रीजमध्ये तिने केलेलं सूप होतं, ते त्याने दोन वर्षं टाकलं नाही. हे त्याने हवेबद्दल सांगावं तसं सांगितलं आणि साखर मागितली.

शनिवार-रविवारी तो परवान्यासाठी लोकांना नेमबाजी शिकवतो. फेब्रुवारीत त्याने मलाही शिकवलं. तीन, सात आणि पंधरा यार्डांवरून पन्नास गोळ्या, अडीचशे गुण. माझा हात सूक्ष्मदर्शकाखाली सुईने कणसं उलगडून स्थिर झालेला आहे. मला दोनशे पंचेचाळीस मिळाले.

"पाच कुठे गेले?" गेलनने विचारलं.

"चौथ्या गोळीला शिंक आली."

तो इतका हसला की शेजारच्या माणसाने कानांवरचं झाकण काढून पाहिलं.

त्याच दिवशी परतताना त्याने त्याच्या भावाबद्दल सांगितलं. रॉइस आणि तो पेंडीचं दुकान चालवत. सत्तावीस वर्षांपूर्वी एक जण भर दुपारी पिस्तूल घेऊन आत आला. गेलनचं पिस्तूल बाहेर ट्रकमध्ये होतं. "तीस पावलं," तो म्हणाला. "नंतर मोजली. त्या माणसाला रॉइसने गल्ला उघडून दिला होता. तरी मारलं." गाडी चालवताना त्याने रस्त्यावरून नजर काढली नाही. "तेव्हापासून पिस्तूल जिथे जात नाही तिथे मी जात नाही. चर्चने दारावर पिस्तूलबंदीचा बोर्ड लावला, चर्च सोडलं. दाताच्या डॉक्टरने लावला, तोही बदलला. नवा डॉक्टर दुखवतो फार, पण असो."

त्या आठवड्यानंतरच्या सोमवारी माझ्या लक्षात आलं की मी जिन्यात खाकरले नव्हते.

परवाना आला आणि मीही पिस्तूल कमरेला लावून कॉलेजात येऊ लागले. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटायचं. सुरक्षित वाटायचं की गेलनसारखं वाटायचं, हे मी तपासून पाहिलं नाही.

मार्चमधल्या एका बुधवारी प्रयोगाचा तास सुरू होण्याआधी मी दुसऱ्या मजल्यावरच्या स्वच्छतागृहात गेले. बसण्याआधी पिस्तूल म्यानासकट काढून कागदाच्या गुंडाळीच्या डब्यावर ठेवलं. हात धुतले. तासाला गेले. मुलांना गवताच्या कुसळाला पाणी लावलं की ते कसं पिळे सोडतं ते दाखवत होते. हात पुसायला कमरेच्या फडक्याकडे नेला आणि बोटांना पट्टा मोकळा लागला. घड्याळात वीस मिनिटं झाली होती.

मी धावले. स्वच्छतागृहाच्या दारात माझीच एक विद्यार्थिनी उभी होती, इत्झेल कार्दोनास. एकोणीस वर्षांची, अंगाने बारीक. तिने दोन्ही हात चौकटीला टेकून दार अडवलं होतं.

"आत जाऊ नका, मॅडम," ती म्हणाली. "आत काहीतरी आहे. मी कुणाला जाऊ दिलेलं नाही. पाणी तुंबलंय असं सांगते सगळ्यांना."

"इत्झेल, ते माझं आहे."

तिला आधी कळलं नाही. मग तिचे हात चौकटीवरून खाली आले.

मी आत जाऊन पिस्तूल घेतलं. बाहेर आले तेव्हा ती भिंतीला पाठ लावून उभी होती. "फोन करणार होते," ती म्हणाली. "पण मग सायरन वाजला असता, दारं लावून सगळ्यांना जमिनीवर बसवलं असतं. आणि मला हात लावायचा नव्हता. गणिताची चाचणी होती माझी. गेली."

"मी त्यांच्याशी बोलते."

"काय सांगाल?"

ती निघून गेली.

त्या दुपारी मी गेलनला सांगितलं. तो गंभीर झाला नाही. "सगळ्यांचं एकदा होतं. माझं आइस्क्रीमच्या दुकानात झालं होतं. हे बघ, डब्यावर कधी ठेवायचं नाही. पँट खाली असते ना, तिच्यात ठेवायचं, पायांच्या मध्ये. विसरून उठूच शकत नाहीस. उठलीस तर अख्खी पँट विसरून जाशील, आणि ते मात्र मुलं आठवण करून देतील."

मी हसले. पण त्या संध्याकाळी पिस्तूल घरी नेऊन आईच्या शिलाई मशीनच्या खणात ठेवलं आणि पुन्हा बाहेर काढलं नाही. गेलनला हे सांगितलं नाही. रोज त्याच्याबरोबर गाडीपर्यंत चालत होते. माझ्या कमरेला पिस्तूल आहे असं तो समजत होता आणि मी समजू देत होते.

इत्झेल माझ्या खोलीत यायची बंद झाली. त्याआधी ती दर मंगळवारी आणि गुरुवारी साडेतीनला यायची. गुरांच्या जुन्या कुरणांवरून कुणीतरी पन्नास वर्षांपूर्वी गोळा केलेले एकशे चाळीस नमुने कॉलेजला मिळाले होते, नाव न लावलेले. ते ओळखून यादी करायचं काम मी तिला दिलं होतं. ते काम आणि माझं पत्र यांवर तिला मोठ्या विद्यापीठात जागा मिळणार होती. मी पंचवीस वर्षं गवत शिकवते आहे. ओळख-तक्ता न उघडता, नुसतं पातं बोटांत फिरवून गवत ओळखणारी मुलगी माझ्याकडे एकच आली. चौसष्ट नमुने झाले होते. शहात्तर उरले होते.

एप्रिलच्या पहिल्या शुक्रवारी ती आली, पण उंबरठ्याबाहेर थांबली. तिथूनच हात लांब करून तिने एक कागद पुढे केला. विषय सोडण्याचा अर्ज होता. पुढचा शुक्रवार शेवटची तारीख होती.

"आत ये ना."

"इथे बरं आहे, मॅडम. फक्त सही हवी."

मी उठून बाहेर गेले. तोवर ती मार्गिकेत जमिनीवर बसली होती. मीही तिच्याशेजारी बसले. माझे गुडघे वाजले, आणि तिला हसू आलं ते तिने आवरलं.

"तुझे गुण वर्गात सगळ्यांत जास्त आहेत. हे कशाला?"

"उरलेले नमुने तुमच्या खोलीत बसून करावे लागतील. ते बाहेर नेता येत नाहीत."

"माझं आता घरी असतं. त्या दिवसापासून."

"तुमचं."

"हो."

"आणि बाकीच्यांचं?"

खाली कुणीतरी कार्टवरून खुर्च्या नेत होतं.

"मी मोजते, मॅडम," ती म्हणाली. "वर्गात शिरले की आधी सगळ्यांच्या कमरांकडे बघते. कुणाचं जॅकेट उन्हाळ्यातही अंगावर आहे, कोण एका कुशीवर बसतं. नक्की कळत नाही, म्हणून परत पहिल्यापासून मोजते. मग फळ्याकडे बघते. तोवर तुमची निम्मी आकृती काढून झालेली असते. तुमच्या खोलीत मी मोजत नव्हते. तिथे विचारच आला नव्हता डोक्यात."

"तुझ्या बाबतीत कधी काही घडलं होतं का? घरी, किंवा..."

"नाही." तिने माझ्याकडे पाहिलं. "काहीच घडलेलं नाही. घडायलाच हवं का?"

माझ्या बाबतीत घडलं होतं, आणि त्या जोरावर मी काय काय केलं होतं ते दोघींनाही माहीत होतं.

"तुम्हाला खोलीपुरतं सांगता येतं ना?" तिने विचारलं. "नियमांच्या पुस्तकात आहे. एकोणिसाव्या पानावर."

"येतं."

"मग?"

मी म्हणाले की वेळा बदलता येतील. ती असेल तेव्हा कुणाला येऊ देणार नाही. तिने मान हलवली.

"तुम्ही कुणाला थांबवणार? कमरेला काय आहे ते तुम्हाला दिसतं का? आणि मिस्टर टिसडेल रोज येतात."

"तो फार चांगला माणूस आहे."

"माहितीये. थंडीत माझी गाडी सुरू होत नव्हती, तर पाऊण तास पावसात उभं राहून त्यांनी बॅटरी जोडून दिली." ती बुटाच्या नाडीशी चाळा करत होती. "पण माणूस चांगला आहे म्हणून मोजायचं थांबत नाही ना. तुम्ही पण चांगल्याच आहात, मॅडम."

मी अर्जावर सही केली. पण तो तिच्या हातात दिला नाही. "गुरुवारी साडेतीनला ये," मी म्हणाले. "तोवर मी सांगितलं नसेल तर हा घेऊन जा."

"सांगितलंत की नाही, मला कसं कळणार?"

"मला विचार. मी खोटं सांगणार नाही."

ती उठली, हात देऊन मला उठवलं, आणि गेली.

प्रश्न कुणा एका विद्यार्थ्याला सांगण्याचा नव्हता. विद्यार्थी येतात, दहा मिनिटं बसतात, कपाळाला आठी घालून का होईना ऐकतील. प्रश्न दुपारी तीनचा होता. खोली बंद केली तर ती गेलनला बंद होणार. मी त्याला अपवाद केला तर पहिल्याच दिवशी मी इत्झेलशी खोटं बोलणार. आणि पिस्तूल जिथे जात नाही तिथे गेलन जात नाही. मला त्याच्या जागी दुसरं कुणी सुचत नव्हतं. माझ्या आयुष्यात त्याच्या जागी दुसरं कुणी नव्हतंच.

शनिवारी मी घरातलं सगळं लाकडी सामान तेल लावून पुसलं. रविवारी ते वाक्य एकदा मोठ्याने म्हणून पाहिलं, स्वयंपाकघरात, नळ सोडून. शब्द तेच, पण ऐकणारं कुणी नसताना ते नुसती माहिती वाटत होते.

सोमवारी गेलनची दाढ दुखत होती. नव्या डॉक्टरने पुन्हा दुखवलं होतं. मी त्याला लवंग दिली.

मंगळवारी तो कॉफी न पिता पेला हातात धरून बसला. मग म्हणाला, "आज रॉइस सत्तर वर्षांचा झाला असता. टकला झाला असता, पैज लावतो. आमच्याकडे सगळे होतात." आणि स्वतःच्या दाट पांढऱ्या केसांतून हात फिरवला. त्या दिवशी सांगण्याचा प्रश्नच नव्हता.

बुधवारी संध्याकाळी गाडीकडे जाताना मी निम्मं सांगितलं.

"गेलन, माझं पिस्तूल मी हल्ली घरी ठेवते."

तो चालत राहिला. "कधीपासून?"

"बाथरूमचं झालं त्या दिवसापासून. चार आठवडे."

"चार आठवडे." तो थांबला. "मी रोज तुझ्या डाव्या बाजूने चालतोय. तुझा उजवा हात मोकळा राहावा म्हणून."

"मला सांगायला हवं होतं."

मला वाटलं तो रागावेल. त्याने फक्त माझ्या मागून वळसा घातला आणि माझ्या उजव्या बाजूला आला, जिकडून गाड्यांच्या रांगा उघड्या होत्या. "ठीक आहे," तो म्हणाला. "मग मी इकडून." गाडीचं दार त्याने माझ्यासाठी उघडलं. "शिंक आली तर आधी सांग म्हणजे झालं."

घरी पोचल्यावर मी बराच वेळ गाडीतच बसून राहिले. रागावला असता तर बरं झालं असतं. त्याच्या रागापुढे मला काहीतरी उभं करता आलं असतं.

गुरुवारी सकाळी मी दोन तास घेतले. दुपारी शहात्तर नमुन्यांचे गठ्ठे कपाटातून काढून टेबलावर ठेवले. अर्ज खणात होता. पावणेतीनला मी खुर्चीत बसले आणि निर्णयाच्या दोन्ही बाजू पुन्हा एकदा मांडून पाहिल्या, जशा आठ वर्षं मांडत आले होते. पुरावा तेवढाच होता जेवढा आधी होता. मी माझ्या मनाला पहिल्यांदाच स्पष्ट विचारलं की मी कशाची वाट पाहते आहे. दुसऱ्या कुणीतरी ठरवावं याची. चोराने एकदा ठरवलं होतं, मग गेलनने. ती मुलगी वीस मिनिटं दारात उभी होती, तिची चाचणी बुडाली, आणि तिच्याकडे तर कसलाच पुरावा नव्हता.

तीनला जिन्यावर गेलनची पावलं वाजली. तो उजवा पाय जरा जपून टाकतो. मी उठून दाराशी गेले.

त्याच्या दोन्ही हातांत पेले होते आणि करंगळीला कागदी पिशवी लटकत होती. दाढेच्या बाजूचा गाल अजून सुजलेला होता.

"बाजूला हो, बाजूला हो, भाजतंय," तो म्हणाला. "खसखशीचे कोलाचे संपले होते. आलुबुखाराचे आणलेत. तुझी आई असती तर तिने मला दारातूनच परत पाठवलं असतं."

मी बाजूला झाले नाही. उंबरठ्यावर आम्ही दोघं समोरासमोर उभे होतो. कॉफीची वाफ मध्ये होती. मार्गिकेच्या टोकाला, पाण्याच्या नळाजवळ, इत्झेल आली होती. अर्धा तास आधी. ती आमच्याकडे बघत नव्हती, बाटली भरत होती, आणि बाटली केव्हाच भरली होती.

"अल्बिना?" गेलन म्हणाला. हसू अजून त्याच्या चेहऱ्यावर होतं, पण तो थांबला होता. "काय झालं? त्या आलुबुखारावरून आत घेणार नाहीस का मला?"

मी त्याच्या हातातला एक पेला घेतला, कारण त्याची बोटं खरंच लाल झाली होती. मी खाकरले नाही.

"गेलन, या खोलीत आता पिस्तूल आणायचं नाही. कुणीच आणायचं नाही. तूसुद्धा."